क्रॅक इंट्रो ५० हर्ट्झवरच पाहाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या घरगुती संगणकांवरील आपल्या पुरवणीतल्या लेखाने क्रॅक इंट्रोंची बोळवण 'चोरीच्या गेमवर डकवलेली पाटी' अशी केली आहे. कॉपी-संरक्षण फोडून गेम वाटणे बेकायदाच होते; त्याचे समर्थन करायचे नाही. पण १९८०च्या दशकात युरोपातल्या पोरांनी कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरच्या गेमआधी जोडलेल्या लोगो, संगीत आणि सरकत्या मजकुराच्या या छोट्या प्रोग्रामांतूनच पुढे गेमशिवाय उभे राहणारे डेमो आले आणि ते रचणाऱ्यांचा समुदाय, म्हणजे डेमोसीन, उभा राहिला. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनची नोंद आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केली.

माझा खरा आक्षेप मात्र 'इंटरनेटवर कुठलाही व्हिडिओ पाहा' या सल्ल्याला आहे. कुठल्याही व्हिडिओत पाहिले तर इंट्रोतली कारागिरीच दिसत नाही.

युरोपीय पाल टीव्ही पद्धतीच्या कमोडोर ६४ मध्ये पडद्याची एक ओळ काढायला प्रोसेसरच्या घड्याळाचे ६३ ठोके लागतात. अशा ३१२ ओळी, म्हणजे एका फ्रेमला (पडद्यावरच्या एका पूर्ण चित्राला) १९,६५६ ठोके, आणि सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजेच ५० हर्ट्झ. इंट्रोतले सगळे काम एवढ्यात बसवलेले असते. अमेरिकन एनटीएससी टीव्ही पद्धतीच्या यंत्रात ओळ ६५ ठोक्यांची, पण ओळी २६३ च. फ्रेमला १७,०९५ ठोके. तिथे तीच इंट्रो चालवली की रंगांच्या पट्ट्या तिरक्या सरकतात. संगीत फ्रेममागे एकदा वाजवले जात असल्याने लय सुमारे एकोणीस टक्क्यांनी पळते आणि स्वरही चार टक्क्यांच्या आसपास चढतो. तीनशेव्या ओळीची वाट पाहणारा प्रोग्राम तर गोठूनच जातो, कारण ती ओळ कधी येतच नाही.

हे समजून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे रास्टर इंटरप्ट (पडद्यावर ठरावीक ओळ येताच चालू काम थांबवून आपला कोड चालवण्याची सोय) स्वतः लिहून पाहणे. मशीन कोडमध्ये आधी इंटरप्ट रोखावेत. स्मृतीतल्या ५६३३३ या पत्त्यामध्ये १२७ टाकून टायमरचे इंटरप्ट बंद करावेत, ५३२७४ मध्ये १ टाकून रास्टरचा सुरू करावा. हवी ती ओळ ५३२६६ मध्ये, आणि ५३२६५ मध्ये २७. ओळीच्या क्रमांकाचा नववा बिट याच रजिस्टरात असतो, तो चुकून १ राहिला तर इंटरप्ट भलत्याच ओळीवर येतो किंवा येतच नाही. आपल्या रूटीनचा पत्ता ७८८ आणि ७८९ मध्ये ठेवून इंटरप्ट पुन्हा सुरू करावेत. रूटीनमध्ये ५३२८० बदलला की कडेचा रंग बदलतो. शेवटी ५३२७३ मध्ये १ लिहायला विसरू नये. तो लिहिला नाही तर इंटरप्ट पुन्हापुन्हा येत राहतो आणि मुख्य प्रोग्राम जागचा हलत नाही. तिथून ६०,०३३ वर उडी मारली की झाले.

पट्टी दिसेल, पण तिची कड थरथरेल. चालू असलेली सूचना पुरी झाल्याशिवाय प्रोसेसर इंटरप्ट घेत नाही, त्यामुळे सुरुवात काही ठोके मागेपुढे होते, आणि एक ठोका म्हणजे पडद्यावर आठ पिक्सेल. त्यावरचा उपाय फार सुंदर आहे. पहिल्या इंटरप्टमध्येच पुढच्या ओळीसाठी दुसरा लावायचा आणि तो येईपर्यंत दोन ठोक्यांच्या रिकाम्या सूचना चालवायच्या. आता फरक उरतो एकाच ठोक्याचा; ओळ बदलण्याच्या नेमक्या क्षणी ५३२६६ वाचून तोही काढता येतो. शिवाय मजकुराच्या भागात दर आठव्या ओळीला चित्र काढणारी चिप अक्षरे वाचायला चाळीसेक ठोके स्वतःकडे घेते. त्या ओळीवर प्रोसेसरला जेमतेम वीस-तेवीस ठोके मिळतात. लोगोमागच्या पट्ट्या तिथेही न तुटणे, हे ठोके मोजून लिहिलेल्या कोडचे लक्षण.

पाहण्यासाठी व्हाइस हे मोफत एम्युलेटर (आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) घ्यावे, त्यातले एक्स६४एससी निवडावे आणि मॉडेल पाल ठेवावे. मॉनिटर ६० हर्ट्झवर असेल तर दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते आणि सरकता मजकूर अडखळतो. ५० हर्ट्झ चालणारा टीव्ही जोडावा. दूरदर्शनचे जुने ॲनालॉग रंगीत प्रक्षेपण पाल पद्धतीचेच होते, त्यामुळे खरे युरोपीय यंत्र हाती आले तर एव्ही जोडणी असलेला आपल्याकडचा जुना रंगीत टीव्हीही चालतो. ध्वनीसाठी जुन्या इंट्रोंना ६५८१ ही सिड चिप निवडावी. नंतरच्या ८५८० वर, आवाजाचे रजिस्टर झपाट्याने बदलून वाजवलेले ढोल आणि बोल जवळजवळ ऐकूच येत नाहीत.

पुढच्या वेळी व्हिडिओचा दुवा देताना तो ५० फ्रेमचा असल्याची खात्री करावी, ही विनंती. यंत्राकडे रंग सोळाच. एकाआड एक फ्रेममध्ये दोन रंग दाखवून मधली छटा भासवणारी चित्रे २५ फ्रेमच्या चित्रीकरणात निम्मीच उरतात.

— एक वाचक, पुणे