जुन्या फायबरच्या होडीविषयी मित्रास पत्र

देवगड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. हर्णैच्या घरामागे आंब्याखाली पालथी पडलेली तुझ्या वडिलांची फायबरची होडी आता मोडीत काढावी, असे गावातली मंडळी म्हणतात आणि भंगारवाला मात्र तिच्यावरचे लोखंडी व पितळी सामान तेवढे न्यायला तयार आहे, सांगाड्याला हात लावायला नको म्हणतो, हे तू लिहिले आहेस. त्याचे बरोबरच आहे. काचेच्या धाग्यांना बांधून ठेवणारे पॉलिएस्टर रेझिन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे त्या सांगाड्यातून त्याला विकण्याजोगे काहीच निघणार नाही. जाळला तर विषारी धूर होतो आणि पुरला तर पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. आपल्या किनाऱ्यावर पुळणीच्या कडेला अशा किती होड्या टाकून दिलेल्या दिसतात, हे तूही पाहिले आहेस. माझे मत विचारलेस म्हणून आधीच सांगतो: ती होडी मोडू नकोस, निदान तिची मागची फळी, म्हणजे जिच्यावर इंजिन बसते ती, उघडून पाहिल्याशिवाय तर मुळीच नको.

माझी होडी अंगणात घेऊन मी तिचे काम पुरे केले, ते करताना जे ध्यानात आले तेच तुला सविस्तर लिहितो. काचेच्या धाग्यांना रेझिन पाजून होडी घडवण्याची रीत १९४० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली आणि आपल्याकडे ती पुष्कळ नंतर आली. लाकडी होडीला दर वर्षी तेल पाजावे लागे, सांध्यांत कापूस ठोकावा लागे, पावसाळ्यात झापांनी शाकारावे लागे. फायबर आल्यावर या सगळ्यातून सुटका झाली, फायबरला काही होत नाही, असा समज रूढ झाला आणि त्या समजानेच या होड्यांचे नुकसान झाले. फायबर कुजत नाही हे खरे आहे. पण त्या काळच्या बहुतेक होड्यांच्या पोटात लाकूड आहे. मागच्या फळीत प्लायवुड, तळाला ताठपणा देणाऱ्या आडव्या-उभ्या पट्ट्यांत लाकूड, बसायच्या बाकांखाली फोम, आणि या सगळ्यावर फायबरचे कवच. कवचाला एक भोक पडले की पाणी आत शिरते, बाहेर यायला त्याला वाट नसते आणि आतले लाकूड वर्षानुवर्षे भिजत राहते. आपण मात्र बाहेरून चकाकी गेली म्हणून हळहळतो आणि रंगाचा डबा आणतो.

तेव्हा रंगाचा विचार सध्या बाजूला ठेव आणि एक लहान हातोडी घे. तिच्या मागच्या टोकाने होडीचा सगळा अंग हळूहळू ठोकत जा. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो. जिथे थर एकमेकांपासून सुटले आहेत किंवा आतले लाकूड गेले आहे तिथे आवाज बद्द येतो. बद्द आवाजाच्या जागेभोवती खडूने रेघ ओढ. हे काम सकाळी, आजूबाजूला गडबड नसताना करावे, कारण आवाजातला फरक पुष्कळदा फार थोडा असतो. अशा खुणा करून झाल्या की दुखणे कुठे आहे याचा नकाशाच समोर येतो आणि होडी ठेवायची की नाही याचा निर्णय अंदाजाने करावा लागत नाही.

माझ्या होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून एकही तडा नव्हता. आधीच्या मालकाने इंजिन बदलताना जुने बोल्ट काढले होते आणि भोके नुसत्या पुट्टीने बुजवून वर रंग मारला होता. मी आतल्या बाजूने एक बारीक भोक पाडले. लाकूड चांगले असते तर ड्रिलला कोरडा, फिकट भुसा लागून आला असता. त्याऐवजी काळपट लगदा आला आणि पाठोपाठ पाण्याची बारीक धार लागली. ती बराच वेळ थांबली नाही. मग कडेने साधारण ५० मिलिमीटरची पट्टी राखून आतले कवच ग्राइंडरने कापून काढले, तेव्हा आतले प्लायवुड ओल्या पुठ्ठ्यासारखे पटाशीने ओरबाडता येत होते. पण त्यामागचे बाहेरचे कवच मात्र जसेच्या तसे होते, कुठेही मऊ नाही, कुठेही सुटलेले नाही. मला तिथेच खात्री पटली की ही होडी वाचणार.

एक काळजी मात्र फळी कापण्यापूर्वी घ्यायला हवी. मागची फळी काढली की होडीच्या दोन्ही बाजू पसरू किंवा आत येऊ शकतात, आणि त्या अवस्थेत नवी फळी बसली तर तो वाकडेपणा कायमचा होतो. म्हणून आधी होडी सरळ करून तळाखाली वाळूच्या पिशव्या आणि जुने टायर असे लाव की वजन सगळीकडे सारखे पडेल, दोन्ही काठांना आडवी लाकडे बांध आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी लावून मापे सारखी आहेत का ते पाहा. तुझी होडी वर्षानुवर्षे पालथी आहे, त्यामुळे तिला बाक आला असण्याची शक्यता आहे. पण नीट आधार दिला आणि उन्हात काही दिवस राहू दिले तर थोडाफार बाक जातो.

यानंतरचे काम म्हणजे वाळवणे, आणि माझ्या मते सगळ्या दुरुस्तीचा जीव यातच आहे. तळाच्या बाहेरच्या बाजूला तुला कदाचित फोड दिसतील. पाणी वरच्या जेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत रंगीत थरातून, अतिशय सावकाश आत झिरपते, रेझिनमधले काही घटक त्यात विरघळतात, तो द्राव आणखी पाणी ओढून घेतो आणि दाबाने फोड येतो. तो टोचताना डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे, कारण आतला द्राव आम्लधर्मी असतो आणि उडतो. त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. फोड नुसते बुजवून उपयोग नाही. ते ग्राइंडरने उघडे करावेत, गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवावेत, कारण आतला द्राव पाण्यातच जातो, आणि मग होडीला वारा व ऊन लागू द्यावे. वाळली की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी: हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टीने पक्का बंद करून तळावर लावायचा आणि ऊन लागल्यावर त्याच्या आतल्या बाजूला दव धरते का ते पाहायचे. दव धरत असेल तोवर रेझिनचा डबा उघडू नये. कोकणातल्या दमट हवेत याला काही महिनेही लागू शकतात. लोक इथेच घाई करतात आणि पुढल्या पावसाळ्यानंतर फोड पुन्हा वर येतात. बाकांखालचा जुना फोम पाणी प्यायला असेल तर तो वाळेल या आशेवर राहू नकोस; तो काढूनच टाक. होडी इतकी जड का झाली होती हे तो उचलताना कळते.

आता जोडकामाविषयी. जुन्या फायबरवर नवा थर रासायनिक रीतीने एकजीव होत नाही. तो केवळ खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतो. त्यामुळे ४० नंबरच्या पॉलिश पेपरने रंग, मेण, जेलकोट सगळे काढून खालचे काचेचे धागे दिसेपर्यंत घासावे लागते. जिथे भोक किंवा आरपार तडा आहे तिथे कड उतरती करावी लागते आणि तिचे प्रमाण जाडीच्या बारा पट धरतात. म्हणजे कवच ६ मिलिमीटर जाड असेल तर चहूबाजूंनी ७२ मिलिमीटर उतार. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की लहानशा भोकासाठी हा एवढा खड्डा का करतो आहे. पण जोडाची ताकद त्या उतारातच असते. बाहेरून सनमायकाच्या तुकड्याला मेणाचे पॉलिश लावून तो टेकवून ठेवला आणि आतून थर दिले, तर बाहेरचा आकार आपोआप गुळगुळीत येतो. सर्वांत मोठा तुकडा आधी आणि त्यावर क्रमाने लहान, असे मी केले, कारण त्यामुळे पहिला थर जुन्या अंगाला पूर्णपणे चिकटतो.

रेझिन कोणते घ्यावे हे तू विचारले आहेस. मागची फळी आणि जोड यांसाठी मी इपॉक्सी वापरले. ते पॉलिएस्टरपेक्षा पुष्कळ महाग पडते. पण जुन्या फायबरला आणि लाकडाला त्याची पकड निश्चितपणे चांगली आहे, आणि जिथे इंजिनाचा सगळा जोर येतो तिथे काटकसर करू नये असे मला वाटते. इपॉक्सीबरोबर काचेच्या धाग्यांचे विणलेले कापड वापर. बाजारात जी सुट्या धाग्यांची मॅट मिळते तिच्यातला चिकटा बहुधा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळणारा असतो, इपॉक्सीत ती नीट मऊ होत नाही. फळीसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लाय १८ मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवून घेतले आणि त्याच्या कडांना भरपूर इपॉक्सी पाजले, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनेच. आतल्या कोपऱ्यांत पूड मिसळून दाट केलेले इपॉक्सी भरून चमच्याच्या पाठीने गोलाई दिली, म्हणजे कापडाला काटकोनात वळावे लागत नाही आणि खाली हवा राहत नाही. बोल्टची भोके आधी मोठी पाडली, इपॉक्सीने भरली आणि घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध योग्य मापाचे भोक पाडले. आता बोल्ट सैल झाला तरी पाण्याची गाठ लाकडाशी पडत नाही. होडीच्या आधीच्या मालकाने एवढे केले असते तर मूळची फळी आजही चांगली राहिली असती.

आतल्या किरकोळ कामासाठी तू पॉलिएस्टर वापरलेस तर हरकत नाही, पण एक गोष्ट मी तुला अगदी कळकळीने सांगतो. आपल्याकडे दुकानदार रेझिनबरोबर जांभळ्या रंगाचे, घट्ट होण्याचा वेग वाढवणारे कोबाल्ट आणि पाण्यासारखे दिसणारे, रेझिन घट्ट करणारे कॅटॅलिस्ट अशा दोन बाटल्या देतात. त्या दोहोंचा थेट संबंध कधीही येऊ देऊ नकोस. ते मिश्रण पेट घेते, त्याचा स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचे आणि मगच कॅटॅलिस्ट, तेही वजनाने एक-दोन टक्क्यांच्या आतबाहेर. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेव. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून मुलांना त्या अंगणात फिरकू देऊ नकोस. मिसळलेले रेझिन डब्यात साठून राहिले की स्वतःच्याच उष्णतेने तापते, म्हणून थोडे थोडे मिसळून पसरट भांड्यात घ्यावे. घासताना उडणारी धूळ आणि रेझिनची वाफ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साध्या कापडी मास्कने वाफ अडत नाही, तिच्यासाठी कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो. अंगाला काचेची खाज सुटली तर आधी गार पाण्याने धुवावे आणि अंग चोळू नये.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. इपॉक्सीवर जेलकोट नीट धरत नाही, म्हणून मी दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग दिला. इपॉक्सीचा प्रत्येक थर वाळल्यावर त्याच्यावर मेणचट साय येऊ शकते. ती पाण्याने व घासणीने धुऊन काढली नाही तर वरचा रंग सुटतो. जेलकोटवरच्या चांदणीच्या आकाराच्या बारीक भेगा एखाददुसऱ्या असतील तर उकरून भरून टाक; पण एकाच जागी समांतर भेगांची रांग दिसली तर समज की तिथे तळ लवचीक झाला आहे आणि आतून ताठपणा द्यायला हवा. नुसते भरल्याने त्या परत येतील.

वेळेचे गणित तुझ्यासाठी असे आहे. ठोकून पाहणे आणि फळी उघडणे हे आत्ताच, थंडीच्या कोरड्या दिवसांत करून टाक. पाऊस सुरू झाला की रेझिनचे काम उघड्यावर करू नये. ओल्या हवेत ते नीट घट्ट होत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या काळात बंदरातले चांगले फायबर कारागीर इतरांच्या होड्यांत गुंतलेले असतात, म्हणून कुणाची मदत लागणार असेल तर आधीच बोलून ठेव. तुझी होडी मे अखेरपर्यंत वाळली नाही, तर तिला वरून छप्पर कर, खालून वारा खेळता ठेव आणि उरलेले काम दिवाळीनंतर घे. नारळी पौर्णिमेला ती पाण्यात गेलीच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. आणि हो, वडिलांच्या नावावरचे नोंदणीचे कागद शोधून ठेव. नाव बदलून घ्यायला वेळ लागतो.

तुझ्या वडिलांनी आपल्या दोघांना त्याच होडीत वल्हे मारायला शिकवले, हे मी विसरलेलो नाही, आणि म्हणून हे सगळे इतके लांबवून लिहिले. ठोकून झाल्यावर खुणा केलेल्या अंगाचे फोटो काढून पाठव, मागच्या फळीचे आतून आणि बाहेरून असे दोन्ही. फळी उघडायची ठरली तर मला कळव. महाशिवरात्रीच्या सुमारास मी ग्राइंडर घेऊन येतो, आपण दोघे मिळून कापू. प्लाय तू तिकडे घेऊ नकोस, इथल्या दुकानातून मी खात्रीचा घेऊन येईन.

काकूंना माझा नमस्कार सांग. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
बालमित्र