आधी तथ्यांचा कागद, मग एआय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परिपत्रकं, बदलांच्या सूचना, कर्मचाऱ्यांना जाणाऱ्या ईमेल हे सगळं हल्ली सर्रास एआयकडून लिहून घेतलं जातं. त्याला हरकत नाही. हरकत आहे ती क्रमाला. 'कामाच्या वेळा बदलत आहेत, सर्वांना सौम्य भाषेत कळव' एवढं एक वाक्य चॅटजीपीटीला द्यायचं, जे येईल त्यावर हात फिरवायचा आणि पाठवून द्यायचं. बदल कधीपासून, कोणाला लागू नाही, अडचण आली तर कोणाला भेटायचं, हे त्या वाक्यात नसतंच. पुढचा संभाव्य शब्द जुळवत जाणारं हे साधन रिकामी जागा सहसा रिकामी ठेवत नाही. 'शंका असल्यास मनुष्यबळ विभागाशी संपर्क साधावा' असं लिहून ते मोकळं होतं आणि त्या विभागाला यातलं काही ठाऊक नसतं.

म्हणून एआय उघडण्याआधी एका पानावर तथ्यं मांडावीत: निर्णय काय, कोणी घेतला, कधीपासून, कोणाला लागू, कोणाला नाही, अजून काय ठरायचं आहे, प्रश्न कोणाला विचारायचे. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्यावा. 'या कागदाबाहेरचं काही लिहू नकोस; माहिती नसेल तिथे तसं लिही' असं बजावून मग मसुदा मागावा. आलेल्या प्रत्येक वाक्यापुढे कागदावरचा क्रमांक माणसाने लिहावा. ज्याला क्रमांक मिळत नाही ते वाक्य खोडावं, कितीही गोड असलं तरी. 'बरोबर आहे ना?' असं त्याच साधनाला विचारणं म्हणजे तपासणी नव्हे; ते स्वतःच्या चुकीलाही दुजोरा देऊ शकतं.

मजकूर छोटा करायला सांगितला की अटी गळतात. 'सहा महिने पूर्ण केलेले कायम कर्मचारी' यांचे 'सर्व कर्मचारी' होतात. इंग्रजी मसुद्याचा मराठी अनुवाद करून घेताना खड्डे वेगळे. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द असल्याने व्यवस्थापनाचा निर्णय 'आपण ठरवले आहे' असा उतरू शकतो आणि ज्यांना कोणी विचारलंही नव्हतं त्यांना ते झोंबतं. '१५ तारखेपर्यंत'चं '१५ तारखेपूर्वी' झालं तर एका दिवसावरून अर्ज बाद होतो. तारखा, आकडे, अटी आणि सर्वनामं एवढं तरी मूळ कागदाशी ताडून पाहावं.

नावं खोडली की गोपनीयता सांभाळली, हा समज चुकीचा आहे. 'रात्रपाळीतली एकमेव लेखापाल' म्हटल्यावर नाव कशाला हवं? पगार, आजारपण, तक्रारी, चौकशी यांचे तपशील खासगी खात्यावरून अशा साधनात टाकूच नयेत. संस्थेने मंजूर केलेलं खातं असलं तरी मजकूर किती दिवस साठतो आणि एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरला जातो का, हे लेखी विचारून घ्यावं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही अभियंत्यांनी कंपनीचा सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं, त्यानंतर कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली. बैठकीची टिपणं काढणाऱ्या साधनांची सेटिंगही आधी पाहावी. एरवी एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर चढलेलं इतिवृत्त सगळ्या निमंत्रितांना परस्पर जाऊन पोचतं.

काही संदेश मात्र एआयकडे देऊच नयेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या गोळीबारानंतर अमेरिकेतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी कॉलेजमधून विद्यार्थ्यांना धीर देणारी ईमेल गेली. मजकूर चॅटजीपीटीच्या आधारे तयार केल्याची ओळ तळाशी होती. ओळ प्रामाणिक होती, पण विद्यार्थी संतापले ते ती वाचूनच, आणि माफी मागावी लागली. मृत्यू, अपघात, नोकरकपात यांबद्दल चारच ओळी असोत, वेड्यावाकड्या असोत, माणसाने लिहाव्यात.

कर्मचाऱ्यांच्या शंकांसाठी चॅटबॉट ठेवणाऱ्यांनी एअर कॅनडाचं प्रकरण वाचावं. चॅटबॉटने प्रवाशाला भाडेसवलतीची चुकीची माहिती दिली होती. 'तो स्वतःच्या उत्तरांना स्वतः जबाबदार' हा कंपनीचा युक्तिवाद कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला आणि भरपाई विमान कंपनीला द्यावी लागली.

आमच्या मते एआयचा खरा उपयोग लिहिण्यापेक्षा नियोजनात आहे. तयार योजना त्याच्यापुढे ठेवून विचारावं: रजेवर असलेल्याला, रात्रपाळीतल्याला, ईमेल न उघडणाऱ्याला हे कसं कळणार? हा मसुदा वाचून लोक कोणते दहा प्रश्न विचारतील? त्यातले निम्मे टाकाऊ निघाले तरी एखादा असा असतो की निर्णय घेणाऱ्यांना तो सुचलेलाच नसतो. उत्तरं त्यांच्याकडूनच घ्यावीत. गटप्रमुखांना सूचना निदान एक दिवस आधी मिळावी. नाहीतर पहिला प्रश्न येतो तेव्हा तेही ती ईमेल पहिल्यांदाच वाचत असतात. आणि योजना माग म्हटलं की एआय सहा संदेशांचं वेळापत्रक हातात देतं. दोन पुरत असतील तर चार कापावेत. उरलेल्या दोहोंपुढे ते पाठवणाऱ्याचं आणि ऐनवेळी थांबवू शकणाऱ्याचं नाव लिहावं.

आपले,
काही वाचक