कापसाचा भाव : दोष जिनिव्हाचा किती, दिल्लीचा किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कापसाचा भाव हमीभावाखाली घसरला की विदर्भात जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या नावाने शिमगा सुरू होतो. संघटनेचे नियम शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहेत, याबद्दल दुमत नाही. पण सगळेच तिच्या माथी मारले की खरा अन्याय नेमका कुठे आहे ते दिसत नाही, आणि आपल्याच सरकारने घेतलेले निर्णय नामानिराळे राहतात.

आधी आयातशुल्काचे पाहू. फेब्रुवारी २०२१ पासून परदेशी रुईवर एकूण ११ टक्के शुल्क होते : ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी अधिभार आणि या दोहोंच्या रकमेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. एप्रिल २०२२ मध्ये काही महिन्यांसाठी ते उठवले गेले. १९ ऑगस्ट २०२५ रोजी ते पुन्हा शून्यावर आणले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत. वस्त्रोद्योगाला स्वस्त रुई मिळावी, हे कारण. जिनिव्हाच्या कोणत्याही करारात असे करण्याची सक्ती नाही. तिथे आपल्याला मंजूर असलेली शुल्काची कमाल मर्यादा ११ टक्क्यांच्या कितीतरी वर आहे. हा निर्णय सर्वस्वी दिल्लीचा.

त्याची किंमतही मोजता येते. परदेशी रुई बंदरात ५० हजार रुपये खंडीने उतरली असे धरू. ११ टक्के म्हणजे ५,५०० रुपये. खंडी ३५६ किलोची, आणि क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे एका खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. शुल्क गेले की गिरणीमालकाच्या हिशेबात क्विंटलमागे सुमारे सव्वापाचशे रुपये कमी होतात. ही सगळी रक्कम शेतकऱ्याच्या पदरात पडली असती असे मी म्हणत नाही, पण जिनिंगवाला बोली किती वर नेईल ते इथेच ठरते. आणि सूट कधी? सीतादही (वेचणीच्या आरंभीची पूजा) होऊन पहिला-दुसरा वेचा बाजारात येतो, घरात उधारीचा तगादा असतो, नेमकी तेव्हा. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. पण तो सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर, १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तरच, आणि ८ टक्क्यांवरच्या ओलाव्यासाठी कपात करून मिळतो. दिवाळीच्या सुमाराच्या ओलसर कापसाला व्यापाऱ्याचेच दार उरते.

आता संघटनेचा दोष. १९९५ च्या कृषी करारानुसार हमीभावातले ‘अनुदान’ ठरवताना तो १९८६-८८ च्या गोठवलेल्या संदर्भ किमतीशी ताडला जातो. गव्हाचा हिशेब समजायला सोपा आहे, तो पाहू. गव्हाची ही किंमत ३५४ रुपये क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव २,४२५ रुपये. फरक २,०७१ रुपये, म्हणजे हमीभावाच्या ८५ टक्के. आपल्याला मुभा उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची. हाच हिशेब डॉलरमध्ये करा. तेव्हा डॉलर साडेतेरा रुपयांच्या आत होता, त्यामुळे संदर्भ किंमत टनाला सुमारे २६४ डॉलर होते. आता डॉलर ८५ रुपयांचा धरला तर हमीभाव सुमारे २८५ डॉलर. फरक साडेसात टक्क्यांचा, मर्यादेच्या आत! शेत तेच, गहू तोच. म्हणून भारत डॉलरमध्ये आणि प्रत्यक्ष खरेदी केलेल्या मालापुरता हिशेब देतो, तर अमेरिका रुपयांत आणि एकूण उत्पादनावर मोजते. याच पद्धतीने तिने नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या कापसाच्या हमीभावावर आक्षेप घेतला. अमेरिकेला स्वतःला मात्र १९.१ अब्ज डॉलरपर्यंतच्या व्यापार विकृत करणाऱ्या अनुदानाची मंजुरी आहे आणि ती रक्कम हव्या त्या पिकांवर एकवटता येते.

संघटनेच्या बाली परिषदेतल्या (२०१३) ‘शांतता कलमा’चा, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी खटला न भरण्याच्या हमीचा, आधार आहे, असे सांगितले जाते. तो आधार पारंपरिक मुख्य अन्नधान्यांच्या सरकारी साठ्यांना आहे. कापूस त्यात बसत नाही. ही गोष्ट विदर्भातल्या फार थोड्या पुढाऱ्यांना ठाऊक असावी.

तिथे दाद मागून मिळते का? ब्राझीलने २००२ मध्ये अमेरिकी कापूस अनुदानाविरुद्ध तक्रार केली, खटला जिंकला, प्रतिशुल्काची धमकी दिली आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे गरीब कापूस उत्पादक देश २००३ पासून कापसावरची अनुदाने हटवण्याची मागणी करत आहेत. त्यांच्या हाती प्रामुख्याने ठरावच आले. शिवाय अमेरिकेने नेमणुका रोखल्याने डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळ ठप्प आहे. हरलेल्याने अपील केले की निकाल लटकतो. आपल्या साखर अनुदानाविरुद्धच्या खटल्यात जानेवारी २०२२ मध्ये भारतानेही तेच केले.

नाणेनिधी आणि जागतिक बँकेची नावे याच दमात घेतली जातात, ते चूक आहे. त्यांच्या अटी कर्जदारावर चालतात. १९९१ च्या संकटात घेतलेले नाणेनिधीचे कर्ज आपण २००० पर्यंत फेडले. जागतिक बँकेचे मात्र विदर्भ-मराठवाड्यातल्या ‘पोकरा’ला (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला) ४२ कोटी डॉलरचे कर्ज होते. तिच्या प्रकल्पाने नुकसान झाल्यास दोन बाधित व्यक्तीही तिच्या तपासणी मंडळाकडे अर्ज करू शकतात, मराठीतसुद्धा. सरदार सरोवराच्या आंदोलनातून १९९३ मध्ये मिळालेली ही सोय वापरली पाहिजे.

विदर्भाच्या खासदारांनी वाणिज्य मंत्रालयाकडे दोन गोष्टी धरून बसावे. संघटनेतल्या, सरकारी साठ्यांवरच्या कायमस्वरूपी तोडग्याच्या बोलण्यांत कापसाचा समावेश आणि संदर्भ किमतीला महागाईची जोड, या मागण्या भारताच्या प्रस्तावात लेखी हव्यात. आणि कापसाचे आयातशुल्क वर्षातून एकदाच, मे महिन्यात, पेरणीआधी जाहीर व्हावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्यात सूट नको. दुसऱ्या मागणीसाठी जिनिव्हाची परवानगी लागत नाही.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर