ऑटोफॅजी वाढली म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली असं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतल्या उपवासावरच्या लेखात, उपाशी राहिलं की ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने आपलाच मोडका माल पचवणं, वाढतं असं सांगून ‘ऑटोफॅजी वाढली की पेशी विषाणूंना खाऊन टाकतात’ असं ठाम विधान आहे. त्याचं कात्रण घेऊन एक वराहपालक माझ्याकडे आले. “डॉक्टर मॅडम, स्वाइन फिव्हरची साथ आली तर डुकरं दोन दिवस उपाशी ठेवू का? लशीचा खर्च वाचंल.” म्हणून हे पत्र लिहावं लागतंय.

जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली याच विषयाचं नोबेल मिळालं. पेशी आपल्यातला मोडका माल दुपदरी पिशवीत गुंडाळते आणि लायसोसोम या पाचक रसांच्या पिशवीशी जोडून विरघळवते. कधी त्यात विषाणूही सापडतो, आणि त्याचे तुकडे प्रतिकार यंत्रणेला शत्रूची ओळख पटवायला उपयोगी पडतात. इथवर लेखाशी माझं भांडण नाही.

पण डुकरांच्या कितीतरी विषाणूंनी हीच यंत्रणा आपल्या कामाला जुंपली आहे. क्लासिकल स्वाइन फिव्हरचंच घ्या. डुकराच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या पीके-१५ पेशींत रॅपामायसिन हे औषध घालून ऑटोफॅजी वाढवली, तेव्हा विषाणू वाढला. ती रोखली, तेव्हा घटला. ती रोखलेल्या बाधित पेशींतून इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूविरुद्ध सावध करणाऱ्या प्रथिनाचा, इशारा जोरात गेला आणि त्या लवकर मेल्या, म्हणजे विषाणूचं बिऱ्हाडच मोडलं. ऑटोफॅजी इथे बाधित पेशीला तगवते आणि फायदा विषाणूचा होतो.

आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू तर दोन्हीकडून खेळतो. त्याचं ए१७९एल हे प्रथिन पेशीतल्या, ऑटोफॅजी सुरू करणाऱ्या बेक्लिन-१ या प्रथिनाला धरून ऑटोफॅजी सुरूच होऊ देत नाही. त्याचंच दुसरं एक प्रथिन मात्र, विषाणूची वर्दी देणारं स्टिंग नावाचं प्रथिन ऑटोफॅजीच्याच वाटेने नष्ट करवतं. मग इंटरफेरॉन कमी पडतं. अशा विषाणूपुढे ‘ऑटोफॅजी वाढवा’ या सल्ल्याला काय अर्थ उरतो?

क्लासिकल स्वाइन फिव्हरने मेलेलं डुक्कर उघडलं की मूत्रपिंडावर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके दिसतात, मोठ्या आतड्यात बटणाएवढे व्रण. मरण्याआधी ही जनावरं एकमेकांवर रचल्यासारखी कोपऱ्यात पडून असतात, खाण्याकडे फिरकत नाहीत. उपासमार त्यांची झालेलीच असते, तरी ती वाचत नाहीत.

त्या वराहपालकांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस चांगली आहे, ती वेळेवर टोचून घ्या. आफ्रिकन स्वाइन फिव्हर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात शिरला. त्यावर उपचार नाही आणि आपल्याकडे लसही वापरात नाही. तेव्हा हॉटेलचं खरकटं नीट उकळल्याशिवाय घालू नका आणि नवं जनावर आणलं तर आधी वेगळं बांधा. हे दोन्ही आजार माणसाला होत नाहीत, तेवढी भीती नको.

उपवास कुणी श्रद्धेने करावा, त्याला माझी हरकत नाही. मात्र तो लेख ज्या पानावर आला, त्याच पानावर ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक पशुवैद्यक, सोलापूर