पावसाच्या आकड्याला वेळ लावा, मग हवामान खात्याला हसा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात 'यलो अलर्ट असूनही पुणे कोरडेच, हवामान खाते पुन्हा तोंडघशी' ही बातमी वाचली, सोबत रणरणत्या उन्हात छत्री घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा फोटो. फोटो झकास आलाय. बातमी लिहिणाऱ्याने मात्र खात्याचं पत्रक शेवटपर्यंत वाचलेलं दिसत नाही, कारण त्यात 'तुरळक ठिकाणी' असं स्पष्ट होतं, आणि तुरळक ठिकाणी म्हणजे त्यांच्या हिशोबात फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. बाकीचा जिल्हा कोरडा राहणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं की! त्या दिवशी लोहगावला माझ्या मेहुण्याकडे अंगणात पाणी साचलं होतं, तुमच्या ऑफिसच्या खिडकीतून नसेल दिसलं. खात्याचं सिमला ऑफिस कुठंय हे पुण्यातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, १९२८ पासून ते इथंच आहे, एक फोन करायला काय हरकत होती?

असो. खात्याची वकिली करायची मला हौस नाही. माझं दुखणं वेगळंय आणि ते तुमच्या 'शहरातील पाऊस' या चौकटीचं आहे.

माझं सहकारनगरला झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली. गेल्या जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर सगळा माल भरून ठेवलेला, आणि एका मंगळवारी संध्याकाळी जो काही वळीव कोसळला, दोन तासांत रस्त्यावरचं पाणी पायऱ्या उतरून आत. खालच्या दोन फळ्यांवरच्या वह्या फुगून एकमेकींना अशा चिकटल्या की गठ्ठा उचलला तर पुठ्ठा हातात आणि वही खालीच, ब्राऊन पेपरच्या रोलचा तर अक्षरशः लगदा. दुकानाचा विमा होता म्हणून क्लेम टाकला. सर्व्हेअर आला, फोटो काढले, चहा घेतला, आणि पंधरवड्यानंतर फोन, "काका, मंगळवारी पुण्यात पाऊसच नाहीये." म्हटलं मग वह्या काय मी नळाखाली धरल्या? तर त्याने तुमच्या पेपरचं कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मंगळवार, शिवाजीनगर, शून्य. पाषाण, शून्य. आणि बुधवारच्या नावावर धो धो पाऊस! आता बुधवारी दिवसभर कडक ऊन होतं, मी स्वतः वाचलेल्या वह्या गच्चीत वाळत घातल्या होत्या.

त्यातली मेख अशी की हवामान खातं पाऊस मोजतं तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा, आणि ज्या सकाळी मोजतात त्या सकाळची तारीख त्याला लागते. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस बुधवारच्या नावावर. ही पद्धत काही लपूनछपून नाही, खात्याच्या तक्त्यात वेळ लिहिलेली असते, फक्त तुमच्याकडे येता येता ती गळते आणि उरतो वार आणि आकडा. २०१९ चा आंबिल ओढ्याचा पूर घ्या, आमच्या भागात कुणी विसरणार नाही, २५ सप्टेंबरची रात्र होती ती. तो पाऊस नोंदीत मात्र २६ तारखेचा. तुमच्या चौकटीवर विसंबलं तर टांगेवाला कॉलनी आणि अरण्येश्वरची घरं पाऊस पडायच्या आदल्या दिवशीच पाण्यात गेली म्हणायची.

मी हट्टाने खात्याकडे अर्ज करून तासातासाची नोंद आणली. तर आता क्लेमवाले म्हणतात, "काका, ही नोंद शिवाजीनगरची आहे, तुमचं दुकान सहकारनगरला." म्हणजे शून्य होता तेव्हा शिवाजीनगरचा आकडा चालत होता! वळवाचा ढग काय सगळ्या शहराला सारखं वाटत जातो का, पर्वतीच्या पलीकडे धुवांधार आणि अलीकडे फक्त वास असा प्रकार दरवर्षी असतो, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला लागू नये. क्लेम अजून लटकलेलाच आहे.

तुमच्या टक्केवारीबद्दलही एक सांगतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात 'सरासरीच्या तिप्पट पाऊस' अशी हेडलाइन करता, अहो, त्या आठवड्याची सरासरीच एवढीशी असते की दोन जोरदार सरींनी तिप्पट होतं. आणि 'जिल्ह्यात सरासरीइतका' म्हणता तेव्हा त्यात लोणावळाही आला आणि इंदापूरही. लोणावळ्याचा माणूस शेवाळ खरवडतोय आणि इंदापूरचा टँकरची वाट बघतोय, दोघांनी मिळून सरासरी गाठली म्हणून आनंद मानायचा. त्यात खात्याच्या वर्गवारीत जिल्ह्याचा पाऊस उणे १९ ते अधिक १९ टक्के असला तरी तो सरासरीइतकाच धरतात, हे कधी छापलंत का? 'ढगफुटी'चं तर विचारूच नका, तासाला १०० मिलिमीटर लागतो त्याला, तुमच्याकडे दर शनिवारी होते.

तेव्हा विनंती एवढीच की चौकटीखाली एक ओळ टाका, 'कालच्या सकाळी ८.३० ते आजच्या सकाळी ८.३०' किंवा जी काय वेळ असेल ती. पुरवणीत 'आजचा शुभ रंग' छापायला जागा असते तर या ओळीलाही निघेल.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर गेले काही आठवडे पुढच्या रविवारी येतच नाहीये, 'जागेअभावी' म्हणून सोमवारी, तेही कधी येतं कधी नाही. आमच्याकडे सोमवारचा पेपर तसाही डबक्यात टाकून जातात, पण ती तक्रार वितरण विभागाकडे करा असं सांगाल म्हणून इथं करत नाही.

सोबत दोन्ही दिवसांची कात्रणं जोडली आहेत. मूळ प्रती आहेत, क्लेमच्या फाइलला लागतील, काम झाल्यावर परत पाठवाव्यात. पोस्टेज लावलेला लिफाफा आत ठेवला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
सहकारनगर, पुणे