ड्रायव्हरच्या झोपेवर चालणारा दौरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या ड्रम कोअरविषयी (पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवत मैदानावर कवायत करणाऱ्या तरुणांच्या पथकांविषयी) आलेला लेख आवडीने वाचला. गणवेश, कवायत, इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममधली ऑगस्टची अंतिम फेरी, सगळं छान उतरलं आहे. फक्त दौऱ्याची बोळवण एका ओळीत झाली: मुलं उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतात. माझी मुलगी इथे अमेरिकेत अशाच एका पथकात काँट्रा वाजवते (ट्यूबा या अवजड पितळी वाद्याचं खांद्यावर पेलायचं भावंड), आणि सुट्टी मिळेल तेव्हा मी त्याच पथकाच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर कांदे चिरायला असते. त्यामुळे ती एक ओळ वाचून गप्प बसवेना.

या स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. आज वर्ल्ड क्लास या सर्वांत वरच्या गटातल्या पथकात १६५ पर्यंत मुलं असू शकतात. त्यांच्याबरोबर शिक्षक, वैद्यकीय मदतनीस, स्वयंपाकी, ड्रायव्हर. म्हणजे दोनशेच्या वर माणसं, जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रस्त्यावर. चार-पाच मोठ्या बस, वाद्यांचा ५३ फुटी ट्रेलर, स्वयंपाकाचा जवळपास तेवढाच दुसरा, हल्ली मैदानावर मांडायच्या अवाढव्य सेटसाठी अनेकांकडे तिसरा, टी-शर्ट विकायची गाडी आणि किरकोळ धावपळीला व्हॅन. मुक्काम शाळांमध्ये, झोप जिमखान्याच्या लाकडी जमिनीवर.

आता मुद्द्याचं. हा दौरा वाद्यांवर चालत नाही, ड्रायव्हरच्या झोपेवर चालतो. वेळापत्रक करताना आधी कार्यक्रम मांडायचे आणि मग ड्रायव्हर कुठेतरी झोपून घेईल असं धरायचं, ही पद्धत उलटी आहे. आधी झोप मांडावी, कार्यक्रम त्यात बसवावेत.

इथला केंद्रीय नियम असा आहे की बसच्या ड्रायव्हरने सलग आठ तास कामातून मोकळं राहिल्यावर जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवायची, आणि कामाचे एकूण पंधरा तास भरले की स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ट्रकचं गणित वेगळं. सलग दहा तास विश्रांती, मग अकरा तास ड्रायव्हिंग, पण हे अकरा तास कामाला लागल्यापासून चौदा तासांच्या आत संपवायचे. आणि हे चौदा तासांचं घड्याळ मधे जेवायला थांबलात म्हणून थांबत नाही. स्लीपर बर्थमध्ये (ट्रकच्या केबिनमधल्या झोपायच्या जागेत) झोपणाऱ्यांना थोडी सवलत आहे, पण तिच्या भरवशावर अख्खा दौरा आखणं मला तरी पटत नाही.

कागदावर हे रुक्ष वाटतं, म्हणून एक रात्र सांगते. दुपारी दोनला वाद्यांचा ट्रक शाळेतून स्टेडियमवर न्यायचा. अंतर जेमतेम वीस मिनिटांचं. ड्रायव्हरने चावी फिरवली आणि त्याचं घड्याळ सुरू झालं. कार्यक्रम संपतो साडेदहाला, माल चढवून दार लागेपर्यंत साडेअकरा. पुढचं गाव तीनशे मैलांवर, म्हणजे ट्रकला साडेपाच-सहा तास. पण त्याचे चौदा तास पहाटे चारलाच भरतात! म्हणून आमच्याकडे दुपारचा ड्रायव्हर वेगळा आणि रात्रीचा वेगळा. रात्रीचा माणूस दिवसभर मोटेलच्या खोलीत पडदे ओढून झोपतो. शाळेत त्याला ठेवत नाही, कारण सकाळी नऊला ड्रमलाइन, म्हणजे ड्रम वाजवणारा ताफा, सराव सुरू करते आणि त्या आवाजात झोपू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मोटेलचं बिल पाहून दरवर्षी एखादा पालक नाक मुरडतो. त्यांनी खुशाल मुरडावं.

त्यातून निघणारा दुसरा नियम: ड्रायव्हरने माल उचलायचा नाही. बाहेरून आलेल्याला हे उद्धट वाटतं. पोरं घामाघूम होऊन पेट्या चढवताहेत आणि धट्टाकट्टा गडी बाजूला उभा. पण माल चढवण्याचे तासही कामाचेच धरले जातात, आणि दमलेल्या हातात पहाटेचं स्टिअरिंग द्यायची माझी तयारी नाही.

माल मुलंच चढवतात आणि ते बघण्यासारखं असतं. ट्रेलरची जमीन रस्त्यापासून सुमारे चार फूट उंच. मारिंबा (काठ्यांनी वाजवायच्या पट्ट्यांचं मोठं वाद्य), व्हायब्राफोन, टिंपनी ही मैदानाच्या पुढच्या कडेला राहणारी वाद्यं मोठ्या चाकांच्या गाड्यांवर बसवलेली असतात. २००४ पासून ध्वनिवर्धकांना आणि २००९ पासून सिंथेसायझरसारख्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी मिळाली, तेव्हापासून स्पीकर, मिक्सर, केबलच्या पेट्या आणि जनरेटर यांचीही भर पडली. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, दाराच्या आत नकाशा चिकटवलेला. पुढच्या गावी जे आधी लागणार ते सगळ्यात शेवटी चढतं. ट्रेलरच्या भिंतीवर लोखंडी पट्ट्या असतात, त्यांत अडकवून खटक्याचे पट्टे आवळायचे. मारिंबाचा पट्टा आवळणं हे माझ्या मते अख्ख्या दौऱ्यातलं सर्वांत नाजूक काम. सैल राहिला तर पहिल्याच वळणावर मारिंबाची गाडी शेजारच्या टिंपनीवर जाऊन आदळते. जास्त आवळला तर सांगाडा वाकतो आणि सकाळी वाजवायच्या पट्ट्या नीट बसत नाहीत. मुलीच्या पथकात हे काम एक एकोणीस वर्षांचा मुलगा करतो. खटका ओढतो, पट्ट्यावर बोटाने टिचकी मारतो, आवाज ऐकतो, एक दात सोडतो. पदवी गणिताची करतोय म्हणे.

स्वयंपाकाचा ट्रक रात्रीचं जेवण आटोपलं की लगेच पुढच्या गावी निघतो. कार्यक्रमानंतरचं खाणं व्हॅनमधून मागे ठेवलेलं असतं. कारण उघड आहे: बस पहाटे पोचून मुलं तीन-चार तास जिमच्या जमिनीवर आडवी होतात, आणि उठल्यावर नाश्ता तयार लागतो. दिवसातून चार वेळा खाणं, म्हणजे आठशेच्या वर ताटं. निघण्याआधी गॅसच्या टाक्यांच्या झडपा बंद केल्याची दोघांनी वेगवेगळी खात्री करायची. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा. शाळेच्या बागेतला दिसला म्हणून तोच जोडायचा नाही.

शाळांची आवारं हा वेगळाच छळ. ट्रेलरची उंची साडेतेरा फूट, आणि शाळेकडे जाणाऱ्या गल्लीतल्या झाडांना ते कुणी सांगितलेलं नसतं. मोटारीचा जीपीएस कमी उंचीच्या पुलाखालून बिनदिक्कत नेतो, म्हणून ट्रकसाठीचा वेगळा लागतो आणि तरीही एक माणूस व्हॅन घेऊन आधी पुढे जाऊन वळणं बघून येतो. जुलैच्या उन्हात पार्किंगचं डांबर मऊ पडतं. ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) सोडवून ट्रेलर नुसता उभा केला की त्याचे पुढचे लोखंडी पाय डांबरात रुतायला लागतात, म्हणून आधी जाड फळ्या टाकाव्या लागतात. फळ्या नसल्या की काय होतं ते शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा.

पैशाचं थोडक्यात. २०२२ च्या जूनमध्ये इथे डिझेल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेलं होतं. भरलेला ट्रक गॅलनला सहा-एक मैल जातो. वरच्या तीनशे मैलांच्या रात्रीचा एका ट्रकचा खर्च त्या भावाने अडीचशे डॉलरच्या वर, आणि बस त्याखेरीज. २०१८ चं विजेतं सँटा क्लारा व्हॅनगार्ड आर्थिक अडचणींमुळे २०२३ च्या मोसमात उतरलंच नाही, आणि पुढच्या वर्षी परतलं. अशा वेळी काटकसर करावीच. सेट लहान करा, टी-शर्ट महाग विका. जादा ड्रायव्हर तेवढा कापू नका.

इथली आपली ढोल-ताशा पथकंही आता या शहरातून त्या शहरात वादनाला जातात, आणि भाड्याच्या पंधरा आसनी व्हॅन घेतात. ती व्हॅन पूर्ण भरली की उलटण्याचा धोका बराच वाढतो, असा इशारा इथलं महामार्ग सुरक्षा प्रशासन देत आलं आहे. ढोल टपावर तर बांधूच नयेत, त्याने गुरुत्वमध्य आणखी वर जातो. दोन लहान गाड्या घ्या, सामानाला वेगळी. आणि दिवसभर ढोल वाजवलेल्या माणसाला रात्री गाडी चालवायला बसवू नका, तो कितीही ताजातवाना आहे म्हणाला तरी.

शेवटी एक विनंती. जवळपास सगळ्याच पथकांना दरवर्षी स्वयंसेवक ड्रायव्हर कमी पडतात. ट्रेलरसाठी क्लास ए सीडीएल (व्यावसायिक वाहन चालवायचा परवाना) लागतं, बससाठी परवान्यावर प्रवासी वाहतुकीची वेगळी नोंद. मराठी माणूस इथे सॉफ्टवेअरमध्ये फार आणि ट्रकवर विरळा, हे मला ठाऊक आहे. तरी आपल्या अमेरिकेतल्या वाचकांपैकी कुणाकडे असा परवाना असेल, तर जुलैतला एखादा आठवडा जवळच्या पथकाला द्यावा. परवाना नसेल तर कांदे आहेतच. सुरी आम्ही देतो, केस बांधायची जाळीही.

आपली,
एक वाचक, ॲलनटाउन, पेनसिल्व्हेनिया