डी अँझाला जाण्याआधी

सोन्या,

समोर बसून बोलायला गेले की तू हेडफोन लावतोस म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, पण वाच.

परवा मंडळात त्या काकूंनी विचारलं ना, मग ॲडमिशन कुठे, आणि मी पटकन "इथेच जवळ, पुढे बर्कलीला जायचंय" म्हणाले, ते तू ऐकलंस. येताना गाडीत एक शब्द बोलला नाहीस. चुकलंच माझं. डी अँझा, म्हणजे दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, हे नाव सरळ घ्यायला जीभ का अडखळली कोण जाणे, आणि गंमत म्हणजे लग्न ठरताना तुझ्या बाबांच्या बाबतीत आमच्याकडे हेच झालं होतं. त्यांनी दहावीनंतर डिप्लोमा केला, मग डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग, आणि माझी आत्या आजीला सारखं विचारायची, "मुलगा डिप्लोमावाला आहे म्हणे?" डिग्रीपण आहे हो, डिग्रीपण आहे, हे सांगून सांगून आजी दमली. आज तो डिप्लोमाचा कागद कुठल्या फाइलमध्ये आहे हे बाबांनापण सांगता येणार नाही.

पैशाचं एकदाच बोलते. डी अँझाला एका युनिटला (क्रेडिटला) ३१ डॉलर, म्हणजे १५ युनिट घेतलेस तर क्वार्टरचे, एका सत्राचे, ४६५, वर थोडी इतर फी, आणि यूसीची, म्हणजे बर्कली ज्यातलं आहे त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची, नुसती ट्युशन-फीच वर्षाला १४ हजारांच्या पुढे, राहणं खाणं वेगळंच. त्यामुळे आमच्यावर ओझं वगैरे मनात आणू नकोस, उलट तू आमचं ओझं कमी करतोयस. (ॲपलवाला वॉझ्नियाक पण डी अँझाला होता हे मी आता सगळ्यांना सांगत सुटणार नाहीये, काळजी करू नकोस.)

मला खरी धास्ती आहे ती वेळेची. सगळे म्हणतात यूसीला ट्रान्सफर व्हायला दोन वर्षं आहेत, निवांत. कॅलेंडर घेऊन बसले तर तसं काही दिसेना. तुझं कॉलेज सप्टेंबरच्या शेवटी सुरू होणार, आणि टॅगचा, म्हणजे अटी पूर्ण केल्या की यूसीत प्रवेशाची हमी मिळते त्याचा, अर्ज असतो पुढच्याच सप्टेंबरात, त्यानंतर लगेच यूसीचा अर्ज. म्हणजे अर्ज करताना तुझ्या हातात मार्क असणार ते पहिल्या वर्षाचे, फार तर त्यात समर धर. त्यात क्वार्टर म्हणजे जेमतेम १२ आठवडे, हायस्कूलसारखं पहिला महिना अंदाज घेत बसलास तर मिडटर्म डोक्यावर आलेली असेल.

आणि टॅग म्हणजे बर्कली नाही हे डोक्यात ठेव, मलाही आत्ता आत्ता कळलं. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत, बाकीच्या सहा देतात, डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा क्रूझ वगैरे, त्यातपण एकाच ठिकाणी अर्ज करता येतो आणि काही मेजर, म्हणजे मुख्य विषय, वगळलेले असतात. म्हणून आधी असिस्टच्या साइटवर जाऊन बघ की तुझ्या मेजरला कुठली यूसी डी अँझाचा कुठला कोर्स धरते, मगच नाव नोंदव. मित्र घेतोय म्हणून घेतलेला कोर्स ट्रान्सफरला धरला नाही तर गेलं एक क्वार्टर. पहिल्याच महिन्यात काउन्सेलरची अपॉइंटमेंट घे आणि एज्युकेशन प्लॅन लिहून घे, तोंडी नको. हवा तो क्लास भरलेला असेल तर वेटलिस्टवर राहा, पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बस, लोक सोडून जातात.

अजून एक. हायस्कूलला मी रात्री अकरा वाजता तुझे ग्रेड उघडून बघायचे, असाइनमेंट राहिली की तुझ्याआधी मला कळायचं, आणि मग आपली भांडणं. आता ते बंद. कॉलेजात गेलास की तुझं रेकॉर्ड तुझं, फी आम्ही भरली तरी तुझ्या परवानगीशिवाय कॉलेज मला काही सांगणार नाही. खरं सांगू, पहिल्यांदा राग आला, मग जरा हलकंपण वाटलं. मी विचारणार नाही असं म्हणत नाही हं, विचारेनच, पण एखाद्या क्लासमध्ये फारच गाळात जायला लागलास तर ड्रॉपची, म्हणजे क्लास सोडायची, तारीख उलटायच्या आत सांग, नंतर सांगून उपयोग नाही.

काकूंना मी फोन केला काल. म्हटलं डी अँझाला चाललाय. त्या म्हणाल्या, अय्या, माझा भाचापण तिथेच आहे.

बाकी हायस्कूलला दिलेल्या एपी परीक्षांचे स्कोअर कॉलेज बोर्डाकडून डी अँझाला पाठवलेस का? एवढं आजच सांग, तिसऱ्यांदा विचारतेय.

आई